आमच्या घरचं हळदीकुंकू

सातही जगली, हे मी आधीच सांगून टाकते. गोष्ट ऐकताना जीव टांगणीला लागलेला मला आवडत नाही. पिक्चर बघतानासुद्धा मी हरिओमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अगोदर विचारून घेते की हिरो शेवटी मरतो का. तर बदकाची सातही पिल्लं जगली, त्यातलं लंगडंसुद्धा, आणि महाशिवरात्रीनंतर आठ-दहा दिवसांत बंधाऱ्याच्या पाण्यावर दुसऱ्या बदकांत मिसळून उडूनही गेली. गोष्ट त्यांची आहेच, पण ती जगतात का मरतात याची नाही. गोष्ट माझ्या सासूबाई पुढच्या खोलीत बसतात की मागच्या, याची आहे.

सासूबाईंचं नाव गोजरबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. वय साठीच्या पुढे, नक्की किती ते त्यांच्या आधार कार्डालाही माहीत नाही. त्यावर एक जानेवारी टाकून मोकळे झालेत. माहेरी मेंढ्यांचा कळप होता, त्यामुळे आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला माणूस आपण काय केलं म्हणून दचकतो. तापट आहेत. मीही आहे. म्हणूनच आमचं जमतं, कारण दोघींनाही समोरची ओरडली की ती जिवंत आहे याची खात्री पटते.

मामंजी जाऊन सात वर्षं होत आली. पहिलं वर्ष सणाविना गेलं. दुसऱ्या संक्रांतीला मी हौसेनं हळदीकुंकू काढलं. गाव छोटं, कुंभार पिंपळगावपासून पाच-सहा किलोमीटर आत, पण बायका तीस-पस्तीस आल्या. सगळं पार पडलं आणि मला आठवलं, आत्याबाई कुठं दिसल्या नाहीत. तिळगूळ घेऊन शोधत गेले, तर मागच्या कडब्याच्या खोलीत दार लोटून, पेंढीवर बसलेल्या. मी म्हणाले, "अहो आत्याबाई, इथं काय करून राह्यल्या?" तर तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू बोल. बायांना आवाज जाईल."

ज्या बाईचा आवाज तिसऱ्या शेतात जातो, ती बाई स्वतःच्या घरात मला हळू बोल म्हणाली. ज्या घराच्या भिंतींची माती तिनं स्वतःच्या पायांनी तुडवली, त्या घरात. मला इतका राग आला की मी तिथंच शपथ घेतली, ही बाई पुढच्या खोलीत बसल्याशिवाय या घरात हळदीकुंकू होणार नाही. त्यांनीही उलट शपथ घेतली, की सवाशीण सुनेचं हळदीकुंकू माझ्यापायी अडलं तर मी संक्रांतीचा तीळ तोंडात घालणार नाही. झालं. तेव्हापासून दरवर्षी संक्रांतीला आम्ही तीन दिवस अबोला धरतो आणि हरिओम मधल्या मध्ये निरोप पोचवतो, एकाच खोलीत बसलेल्या दोघींचे.

गावाला हे काही माहीत नव्हतं. गावात एवढंच माहीत होतं की शालू, म्हणजे मी, चिकट आहे. हा शोध पुष्पाबाईंचा. पुष्पाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणाचं हळदीकुंकू कोणत्या वारी, कोणी कोणाला बोलावलं, कोणी विसरलं, ही सगळी नोंद त्यांच्या डोक्यात असते. "इतकी वर्षं झाली, शालूच्या हाताचं वाण काय बघायला भेटलं न्हाई बाई," हे त्या दर संक्रांतीला मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायच्या. मी ऐकायची आणि दात आवळायची. खरं कारण सांगितलं तर आत्याबाईंचीच चर्चा झाली असती.

यंदा संक्रांतीच्या दोनेक आठवडे आधी आमच्या उसाला तोड आली. शेततळ्याच्या कडेचा फड होता. आत्याबाई टोळीला पाणी द्यायला म्हणून गेल्या आणि तासाभरात परत आल्या त्या लुगड्याचा ओचा दोन्ही हातांनी धरून, अनवाणी.

"शालू, जल्दी टोपलं आण!"

ओच्यात आठ पिल्लं होती. बदकाची. तपकिरी आणि पिवळसर, लिंबाएवढी, एकावर एक चढून थरथरत होती. उसाच्या दाटणीत बदकीण लपली होती. तोड जवळ आली तशी ती पिल्लं घेऊन तळ्याकडे निघाली आणि मोकाट कुत्र्यानं तिला गाठलं. कुत्रं पिल्लांवरही गेलं होतं. आत्याबाईंनी कुत्र्याला चप्पल फेकून मारली, दुसरीही मारली, आणि आईला तिथंच मातीआड करून लेकरं घेऊन आल्या. चपला अजून फडात होत्या.

एका पिल्लाच्या पाठीवर दाताची जखम होती. एकाचा डावा पाय मोडून लोंबत होता. आणि एक असं होतं की त्याला वरून काहीच झालेलं दिसत नव्हतं. सकाळी तेच मेलेलं सापडलं. आत्याबाईंनी ते अंगणात लिंबाखाली पुरलं आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उरलेली सात इतकी ओरडत होती की वाईट वाटायला फार सवड मिळाली नाही.

आधी आम्ही आम्हाला येतं ते केलं. जखमेत हळद भरली. भाकरी पाण्यात कुस्करून पुढे ठेवली. पिल्लांनी ती पायांनी तुडवली आणि त्यात झोपली. मग म्हशीला बघायला येणारे नागसेन डॉक्टर आले. पोरसवदा माणूस, जनावरांवर फार जीव, आणि आमच्या घरचे पोहे त्यांना आवडतात. म्हैस राहिली बाजूला, टोपल्यापुढे मांडी घालून बसले.

"भाकर देऊ नका. ब्रेड न्हाई, दूध तर बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य भेटतं, ते ओलं करून द्या. कोथिंबीर, मेथी बारीक चिरून. तळ्यावरचं हिरवं शेवाळ आणलं तर पार्टीच. आन ऊब पायजे. ह्यांची आई न्हाई, ऊब कोण देणार? पिवळा बल्ब लावा खोक्यावर."

पिवळा बल्ब! सगळं गाव कधीच पांढऱ्या एलईडीवर गेलेलं. एलईडीच्या उजेडात अभ्यास होतो, पिल्लू गरम होत नाही. हरिओम बल्ब शोधायला निघाला तो कुंभार पिंपळगावात सहा दुकानं फिरला, घनसावंगीला गेला, आणि शेवटी एका इलेक्ट्रिकवाल्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेले तीन बल्ब घेऊन आला. लग्नात मला मंगळसूत्र घातलं तेव्हाही त्याच्या तोंडावर एवढा विजय नव्हता. लाईट गेली की गरम पाण्याची बाटली. ती मामंजींच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायची. पिल्लं तिला चिकटून झोपायची.

डॉक्टरांनी मोडक्या पायाला आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा तासून लावला, वर पट्टी. जखम धुतली तेव्हा आम्ही भरलेली हळद निघता निघेना. "पुढच्या येळेला चिमूटभर," डॉक्टर म्हणाले, "लोणचं न्हाई घालायचं." औषध दिलं, दिवसातून दोनदा लावायचं.

पाण्याचं मला सगळ्यात नवल वाटलं. बदकाचं पिल्लू बुडतं! आईच्या पंखांचं तेल अंगाला लागलेलं नसेल तर ते पाणी पितं कापसासारखं आणि गारठून मरतं. म्हणून परातीत दोन बोटं पाणी घ्यायचं, दहा मिनिटं खेळू द्यायचं, मग फडक्यानं टिपून परत बल्बखाली. परात कोणती, तर माझी. माहेरून आलेली पितळी, पुरणपोळीची. मी बोंबलले. आत्याबाई म्हणाल्या, "पुरणाला काय पाय हायेत का? ह्यांना हायेत." परात मी काढून दिली, पण परात जाण्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

डॉक्टर निघताना आत्याबाईंनी विचारलं, "ह्या कोणत्या जातीच्या बदका म्हणायच्या?"

"ह्याला हळदीकुंकू म्हणतेत."

आत्याबाईंचा हात पिल्लाच्या पाठीवर थांबला. "काय म्हणतेत?"

"हळदीकुंकू बदक. मोठं झालं की चोचीच्या बुडाशी, इथं कपाळापाशी, दोन लाल टिपके येतेत. आन चोचीचं टोक पिवळं धमक. म्हणून."

आत्याबाईंनी पिल्लू डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. चोच काळपट होती. "ह्यांना तर कायीच न्हाई."

"येईल की. लावावं लागत न्हाई, आपसूक येतं."

"ह्या बायाच हायेत ना?"

"आत्ताच न्हाई सांगता यायचं. पण नर काय, मादी काय, दोघांनाबी येतं."

आत्याबाईंनी पिल्लू मांडीवर ठेवलं. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "आन नर मेला, मंग?"

"मंग काय?" डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले. "तसंच राहतं. त्याचा काय संबंध?"

त्या बिचाऱ्याला कळलंही नाही आपण काय बोलून गेलो ते. आत्याबाई पिल्लाची चोच न्याहाळत राहिल्या. पण मी दारात उभी होते, आणि मला त्या माणसाला पोह्यांची दुसरी ताटली द्यावीशी वाटली. दिलीही.

डॉक्टरांनी आमच्यासमोरच वनरक्षकाला फोन लावला, कारण हरिओमला केसची भीती. तिकडून सांगितलं, रानटी पाखरू पाळता येत नाही, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली जगवा. पंख फुटले की मी येऊन नेतो. तोवर त्यांना माणसांचा लळा लावू नका. फोन स्पीकरवर होता. "न्हाई न्हाई, बिलकुल न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. तेव्हा एक पिल्लू त्यांच्या मांडीवर झोपलेलं होतं आणि एक पदरातून डोकं काढून बघत होतं.

लळा लावायचा नाही तर काय करायचं, पिल्लंच तो लावून घेतात. आठ दिवसांत सातही जणी आत्याबाईंना आई समजायला लागल्या. जणी म्हणते कारण आत्याबाई त्यांना पोरीच म्हणायच्या. त्या उठल्या की सात उठायच्या. त्या चुलीपाशी गेल्या की मागं ओळ. त्या न्हाणीत गेल्या की दाराबाहेर सातांचा मोर्चा आणि घोषणा. माहेरी कोकरांना घालायच्या तशी "हिर्रर्र, हुर्र" अशी हाळी त्या घालायच्या आणि बदकं कोकरांसारखी धावत यायची. सगळ्यात मागं लंगडी, काडी बांधलेला पाय ओढत, वाटेत दोनदा पडत. ती पोचेपर्यंत आत्याबाई थांबायच्या. त्या पाच मिनिटं जरी दिसेनाशा झाल्या तरी असा आकांत व्हायचा की शेजारची माणसं विचारायची, कोण आजारी आहे का.

अशात संक्रांत आली आणि गेली. अबोला नेहमीप्रमाणे तीन दिवस धरला, पण नीट धरता आला नाही. "शालूला सांग, लंगडीच्या पायाची पट्टी ढिली झाली," असं त्या हरिओमला सांगायच्या आणि मी थेट जाऊन पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी मी सरळ म्हणाले, "आत्याबाई, यंदा काढते हळदीकुंकू. तुम्ही पुढं बसा." त्या म्हणाल्या, "तू काढ. मी मागं बसते." मी म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या." विषय संपला. मी परातीतलं पाणी बदललं, जरा जास्तच जोरात.

यानंतर जे झालं ते गिरणीत झालं. मी तिथं नव्हते. पण दोन्ही बाजूंकडून ते इतक्यांदा ऐकलंय की मी असल्यासारखंच आहे. पिल्लं तीन आठवड्यांची झाली, तेव्हा डॉक्टरांनी ज्वारीची बारीक भरड चालेल म्हणून सांगितलं. आत्याबाई डबा घेऊन गिरणीवर गेल्या. तिथं पुष्पाबाई गव्हाच्या पिशवीवर हात ठेवून उभ्या. गिरणी चालू. ज्यांनी गिरणीत संभाषण केलंय त्यांना कळेल, तिथं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं आपण मनानं घालतो.

"भरड कशाला गोजरबाई?" पुष्पाबाई ओरडल्या.

"घरी हळदीकुंकू हाय न्हवं!"

"काय सांगता! शालूनं काढलं?"

"शालूनं कुठलं! मीच काढलं!" आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या. पुढं "फडातून" असंही म्हणाल्या, पण ते गिरणीत दळून गेलं.

पुष्पाबाईंचे डोळे मोठे झाले. नवरा गेलेली बाई हळदीकुंकू काढते आणि गिरणीत ओरडून सांगते! "किती जणी?"

"सात! आठ व्हत्या, एक गेली!"

"आम्हाला न्हाई बोलवायचं व्हय?"

"या की! बघायला कोण नको म्हणतंय? शुक्रवारी या. चारनंतर या, दुपारच्या झोपलेल्या असतेत."

पुष्पाबाईंना शेवटचं वाक्य जरा विचित्र वाटलं, असं त्या नंतर म्हणाल्या. पण तोवर त्यांचं डोकं दुसरीकडे धावत होतं. त्या पीठ न घेताच घरी गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की गोजरबाई स्वतः हळदीकुंकू काढतेय. सगळ्या रागानं नाही, नवलानं बोलत होत्या. आणि नवल बघायला गाव घरी बसत नाही.

शुक्रवारी साडेचारला मी जुना गाऊन घालून, केसांचा बुचडा बांधून, अंगणात बदकांचं खोकं धूत होते. आत्याबाई पुढच्या खोलीत परातीजवळ बसल्या होत्या, पोरींची आंघोळ चाललेली. आणि गल्लीतून बायका आल्या. एक नाही, दोन नाही, वीस-बावीस. जरीच्या साड्या, नथी, गजरे, हातात रुमाल. पुढं पुष्पाबाई, मोरपंखी काठपदरात.

मी हातात घाणेरडं खोकं घेऊन तशीच उभी. मला वाटलं कोणाच्या तरी घरी चालल्यात आणि आमच्याकडे पाणी प्यायला थांबल्यात. पण त्या सरळ घरात शिरल्या आणि भिंतीकडेनं बसायलाही लागल्या, तशी मीही खोकं टाकून मागोमाग आत गेले. बाहेर पायरीवर, चपलांपाशी, जयवंताबाई थांबल्या. त्या आत्याबाईंच्याच वयाच्या, मामंजींच्या आधी त्यांचे मालक गेले. सुनेबरोबर आल्या होत्या, कडेवर दीड वर्षाची नात छकुली. सून आत गेली, त्या पायरीवर बसल्या. कोणी त्यांना बस म्हणालं नाही, आत ये असंही म्हणालं नाही. त्यांची जागा जणू ठरलेलीच होती.

"शालू, तयारी न्हाई का अजून?" पुष्पाबाई माझ्या गाऊनकडे बघत म्हणाल्या.

"कशाची?"

"हळदीकुंकवाची."

माझ्या डोक्यात उजेड पडायला एक क्षण लागला. तेवढ्यात आत्याबाईंच्याही डोक्यात पडला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. लाल झालं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्या उठल्या. भिंतीला धरून, मागच्या खोलीकडे निघाल्या. पाच वर्षं मी जे होऊ दिलं नव्हतं, ते बोलावणं नसताना माझ्या घरात होत होतं.

"आत्याबाई, बसा," मी म्हणाले.

"सोड गं. बाया आल्यात."

आणि त्या मागच्या कडब्याच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं.

पण त्या एकट्या कुठं होत्या! परातीतून सात बदकं टपाटप बाहेर उडी मारून निघाली, ओल्या अंगांनी, बायकांच्या जरीच्या काठांवरून, मांड्यांवरून. "अगं बाई!" "साडी! साडी!" असा गलका झाला. एक पिल्लू पुष्पाबाईंच्या मोरपंखी पदरावर पाय पुसून गेलं. दार बंद बघितल्यावर सातांनी जो काही आक्रोश मांडला, तो मी कागदावर लिहू शकत नाही. लंगडी उंबऱ्यावर आपटली आणि उताणी पडून पाय झाडत ओरडायला लागली.

"हे काय गं?" पुष्पाबाई किंचाळल्या.

"हेच हळदीकुंकू," मी म्हणाले.

आणि मी सांगितलं. फड, कुत्रं, चपला, बल्ब, डॉक्टर, नाव, सगळं. ओरडून सांगावं लागलं, कारण दारापाशी मोर्चा चालूच होता. आधी एक बाई हसली. मग तिची जाऊ. मग खोलीभर बायका नथी सांभाळत अशा हसल्या की छकुली बाहेर घाबरून रडायला लागली. पुष्पाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पदराकडे बघत होत्या. "म्हणजे आम्ही नटूनथटून बदकं बघायला आलोत," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कळालं तसं तुम्ही आलात," मी म्हणाले. राग माझाही जागा झाला होता. "आन काढलं न्हाई म्हणून मला चिकट म्हणता ना? ऐका मंग. पाच वर्षं मी हळदीकुंकू काढलं न्हाई, कारण मी काढलं की ती बाई कडब्यात जाऊन बसते. आत्ता गेली तशी. माझ्या घरातली मोठी बाई कडब्यात, आन मी इथं अत्तर लावू? मला न्हाई जमत. जीव लावते ती आम्हाला. मला न्हाई जमत."

कोणी हसेना. पिल्लं तेवढी ओरडत होती. लंगडी थकून नुसती चोच उघडत होती, आवाज निघत नव्हता.

मी जाऊन दार उघडू शकले असते. पण मी नाही गेले. तेव्हा पुष्पाबाई उठल्या. लंगडीला दोन बोटांनी, जरा लांब धरून, उचललं. नंतर मात्र तळहातावर घेतलं. दारावर थाप मारली.

"गोजरबाई, भाईर या. लेकरं रडून राह्यली."

आतून आवाज आला, बारीक. "बाया हायेत ना तिथं."

"आम्ही बायाच हावोत, वाघ न्हाई. या. ही लंगडी मरंल माझ्या हातात, मंग मला नाव ठेवसाल."

दार उघडलं. आत्याबाईंच्या डोक्याला कडब्याचं पान लागलेलं होतं. त्यांनी आधी लंगडीला घेतलं, पट्टी बघितली, मग खाली बसल्या, कारण सातही एकदम अंगावर चढायला लागली होती. बसल्या त्या बरोबर खोलीच्या मधोमध. उठायची सोयच नव्हती. मांडीत चार, पदरात दोन, आणि लंगडी हातात. क्षणात सगळं शांत झालं.

मी आत पळाले. गाऊन बदलला नाही, वर ओढणी घेतली. देवापुढची हळदकुंकवाची कोयरी उचलली. डब्यात तिळाचे लाडू होते. वाणाला काय? दारात ऊस होता, हरिओमनं सकाळीच हरभऱ्याचे डहाळे आणले होते, परडीत बोरं होती. हरिओमला मागच्या दारातून हाक मारली आणि त्यानं उसाची कांडकी इतक्या जोरात तोडायला घेतली की बायकांना वाटलं घर पाडतायत. प्रत्येकीला एक कांडकं, एक डहाळा, मूठभर बोरं. पुष्पाबाई म्हणाल्या, "प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा हे बरंय." माझ्यासाठी हे पदक होतं.

मी एकेकीला हळदीकुंकू लावत गेले. भिंतीकडेनं सगळ्या झाल्या आणि मी मधोमध आले. आत्याबाईंनी मान खाली घातली, पदर भुवयांपर्यंत ओढला. मला भीती वाटत होती, बायकांची नाही, त्यांचीच. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी पुढं काय केलं असतं, मला आजही माहीत नाही.

"नगं शालू," त्या पुटपुटल्या. "तुझ्या घराला..."

"घर तुमचंय," मी म्हणाले.

मी वाकून उभी, बोटावर कुंकू.

"लाव गं लाव," पुष्पाबाई मागून म्हणाल्या. "किती वेळ वाकून ऱ्हाशील, कंबर धरंल."

आत्याबाईंनी पदर स्वतःच्या हातानं वर केला. मी हळद लावली, कुंकू लावलं. बोट नीट टेकलं नाही, ठसा वाकडा आला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही आलं, आणि एका पिल्लानं त्याच वेळी माझ्या ओढणीचं टोक खायला घेतलं, म्हणून दोघी हसलो.

मग त्यांनी डोळे पुसले आणि खोलीभर नजर फिरवली, कळप मोजतात तशी. नजर दारापाशी थांबली. पायरीवर जयवंताबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, नातीला थोपटत. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण मान वळवली नव्हती.

आत्याबाईंनी माझ्या हातातून कोयरी घेतली आणि उठल्या. मागं सात निघाल्या. बायकांनी पाय आवरून वाट दिली. त्या उंबऱ्याच्या पलीकडे गेल्या आणि पायरीवर, चपलांमध्येच, जयवंताबाईंच्या शेजारी बसल्या.

जयवंताबाई घाईघाईनं सरकल्या. "अगं, मी न्हाई, मी नुसती नातीला घेऊन आल्ते," त्या म्हणाल्या.

"मीबी नुसती बदकं राखत व्हते," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी बोट कुंकवात बुडवलं.